जळालेल्या घराचा पंचनामा करा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

मी ठाण्याच्या डोंगरातल्या एका वारली पाड्यावर राहते, घोडबंदर रोडला धुणीभांडी करते. गेल्या मंगळवारी दुपारी बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून आमच्या बाजूला धूर दिसला. पोचले तेव्हा आई ओल्या फांदीनं आग झोडपत होती. कुडाचं घर गेलं, दोन शेळ्या गेल्या, पावसाळ्याचं सरपण गेलं, वाळत घातलेली मोहाची फुलंही गेली. त्या फुलांवर आमचे दोन महिने निघतात.

मागच्या वणव्यानंतर एक साहेब पाड्यावर येऊन सांगून गेले होते, दिवाळीनंतर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा पट्टा, काढू, इथल्याच पोरांना रोजावर आग राखायला घेऊ. दिवाळी गेली, होळीही गेली, कुणी फिरकलं नाही. आता पंचनामा मागितला तर म्हणतात, "घर नोंदीत नाही." नोंदीत येणार कसं? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बाबांनी जागेच्या हक्काचा दावा टाकला. फेऱ्या मारता मारता बाबा गेले, दावा अजून फायलीतच आहे. जळालेलं जंगल हेक्टरात मोजता, मग आईचं घर मोजायला काय अडलं?

वर आम्हालाच ऐकवतात, वणवे तुम्हीच लावता. बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात, हे खरं. गवतासाठी आमच्यातलाही एखादा काडी लावतो, त्यावरून मी पाड्यात भांडलेय. रात्री पार्ट्या करून निखारे तसेच टाकून जाणारेही आहेत. पण २०२५ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. तो आम्ही तापवला का? आमच्या घरात पंखासुद्धा नव्हता!

आणि आता म्हणे डोंगर धोक्याचा झालाय, पाडा हलवा. कुठे हलवू? दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, असं तोच कायदा सांगतो. धोका मलाही दिसतो. कारवीची झुडपं जळाली की माती धरून ठेवायला काही उरत नाही. रायगडमधली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. तिथे वणवा नव्हता, पाऊस होता. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली. धोकादायक गावांच्या यादीत त्या वाडीचं नावच नव्हतं. आदिवासींची वाडी मेल्यावरच कागदावर येते का, साहेब?

मृगाआधी आम्हाला छप्पर हवंय. पंचनाम्याला माणूस पाठवा. मला रविवारी सुट्टी असते. इतर दिवशी आई तिथेच, जोत्यावर बसलेली असते.

आपली,
पाड्यावरची एक लेक