वीज किती वेळा गेली, हेही मोजा

संपादक महोदय,

वीजदराच्या बातम्या आल्या की युनिटमागे किती पैसे वाढले एवढीच चर्चा होते. वितरण कंपनीला परतावा, म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावरचा नफा, नेमका कशाबद्दल मिळतो, हे फारसे कुणी विचारत नाही. मी यंत्रमाग चालवतो आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे वीजदर मुख्यतः मंजूर खर्च अधिक भागभांडवलावरचा परतावा, या हिशेबाने ठरतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१९ च्या बहुवार्षिक दर विनियमांत या परताव्याचा काही हिस्सा कामगिरीशी जोडला. पाऊल योग्यच होते. पण वाहिन्यांची कामगिरी मोजली जाते ती उपलब्धतेच्या टक्क्यांत, म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ग्राहकाकडे सरासरी किती तास वीज नव्हती यावरून. या मापाने ८७ तास वीज नसली तरी उपलब्धता ९९ टक्के भरते. समजा, वर्षात तीनशे वेळा एकेक मिनिट वीज गेली. बेरीज होते पाच तास आणि उपलब्धता ९९.९४ टक्के.

मागावर त्या मिनिटाचे काय होते? साध्या मागात आडवा धागा घेऊन जाणारा धोटा अर्ध्या वाटेत अडकतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात. वीज लगेच येते, पण कामगार एकेक धागा सांधत बसतो. माग पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी पट्टी उमटते आणि व्यापारी तो ताका (कापडाचा गठ्ठा) दुय्यम प्रतीचा ठरवतो. कामगाराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असते, त्यामुळे त्याचाही रोज बुडतो. हे नुकसान तासांच्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

ब्रिटनमध्ये ऑफजेम ही नियामक संस्था वीज किती ग्राहकांची गेली आणि किती मिनिटे गेली, हे दोन्ही वेगवेगळे मोजते आणि त्यानुसार वितरण कंपन्यांचे उत्पन्न वाढवते किंवा कापते. तिथेही तीन मिनिटांपेक्षा कमी काळ गेलेली वीज या हिशेबात धरत नाहीत. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलली तर आमचा प्रश्न तसाच राहील.

दुसरा मुद्दा, मोजायचे कुणी? कॅलिफोर्नियात सदर्न कॅलिफोर्निया एडिसन कंपनीला ग्राहकांचे समाधान आणि कामगारांची सुरक्षा यांच्या आकड्यांवर बक्षीस मिळत होते. ते आकडेच फिरवल्याचे उघड झाले आणि २००८ मध्ये नियामकाने तिला ३ कोटी डॉलर दंड केला, शिवाय बक्षिसाचे पैसे ग्राहकांना परत करायला लावले. ज्याला पैसे मिळणार त्यानेच आकडे द्यायचे, ही पद्धत आपण मुळातच टाळली पाहिजे.

ते आता अवघड नाही. स्मार्ट मीटर वीज गेल्याची आणि आल्याची वेळ नोंदवतो. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार, सेवेचे जे निकष दुरून तपासता येतात, ते मोडल्यास भरपाई आपोआप द्यायची आहे. आयोगाने एक मिनिटाची खंडितीसुद्धा फीडरनिहाय (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीनुसार) मोजावी, त्या नोंदी त्रयस्थाकडून तपासून दर महिन्याला जाहीर कराव्यात आणि वाढीव परतावा त्यांवर ठरवावा. औद्योगिक फीडरसाठी वीज किती वेळा गेली, हे किती तास गेली यापेक्षा जड धरावे. पुढच्या जनसुनावणीत मी हीच मागणी लेखी देणार आहे. इतर यंत्रमागधारकांनीही आपापल्या फीडरच्या नोंदी घेऊन यावे.

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी