स्की मोडमधील 'कमाल वेग' चुकीचा दाखवणाऱ्या घड्याळाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जीपीएस घड्याळातील स्की मोड व त्याच्या अ‍ॅपवर दाखवला जाणारा चुकीचा कमाल वेग, त्यातून निर्माण होणारा धोका, आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

मी नाशिकची रहिवासी असून हिवाळ्यात महाविद्यालयीन मुलामुलींचे गट घेऊन गुलमर्गला स्कीइंगसाठी जाते. आपले जीपीएस घड्याळ मी आपल्याच संकेतस्थळावरून घेतले. ते घेण्याचे कारण एकच होते. खोक्यावर आणि जाहिरातीत 'प्रत्येक रनचा (म्हणजे वरून खाली एकदा उतरण्याचा) अचूक कमाल वेग' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. तो वेग अचूक नाही, आणि नुसता थोडाफार इकडेतिकडे आहे असेही नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात कोंगदूरीहून, म्हणजे गोंडोलाच्या (रोपवेच्या) पहिल्या टप्प्याच्या वरच्या स्थानकावरून, गुलमर्गकडे उतरताना घड्याळाने माझा कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर दाखवला. मी मध्यम दर्जाची स्कीअर आहे. त्या दिवशी ताजा बर्फ होता, गटातली मुले मागे होती आणि मी वळणे घेत सावकाश उतरत होते. तुलनेसाठी सांगते: विश्वचषकाच्या डाउनहिल शर्यतीत ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जाणारा पहिला स्कीअर फ्रान्सचा योहान क्लारे. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन इथे त्याचा वेग १६१.९ नोंदवला गेला. तोही अंगाला घट्ट बसणाऱ्या सूटमध्ये, शर्यतीसाठी घट्ट केलेल्या बर्फावर. जाड जॅकेट घालून, पाठीवर पिशवी घेऊन वळणे घेत उतरणारी बाई १३१ ला पोहोचत नाही.

आकडा पटला नाही म्हणून मी घड्याळातली मूळ फाइल संगणकावर उतरवून घेतली. त्यात दर सेकंदाला एक स्थान नोंदलेले आहे. एका सेकंदात मी सुमारे १२ मीटर पुढे गेलेली दिसते, पुढच्या सेकंदात ३६ मीटरहून थोडी जास्त, आणि त्याच्या पुढच्या सेकंदात पुन्हा ११ मीटर. मधल्या त्या एका सेकंदातून आपला १३१ चा आकडा आला आहे.

हे घडू शकत नाही. एका सेकंदात वेग १२ मीटर प्रतिसेकंदावरून ३६ वर न्यायला गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ अडीचपट त्वरण लागेल. उतारावरून घसरणाऱ्या माणसाला खाली ओढणारे बल फक्त गुरुत्वाकर्षणाचे असते, आणि तेही पूर्ण मिळत नाही. ३० अंशांच्या चांगल्याच तीव्र उतारावर, घर्षण आणि हवेचा रोध शून्य धरला तरी, त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मेच भरते. शिवाय पुढच्याच सेकंदाला ३६ वरून ११ वर येणे म्हणजे न पडता आदळून थांबण्यासारखे झाले. अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसणारी ही तपासणी आपल्या अ‍ॅपमध्ये नाही.

त्या ठिकाणी चूक का झाली असावी, हेही समजण्यासारखे आहे. तिथे वाट उंच सूचिपर्णी झाडांच्या कडेने जाते आणि जवळून गोंडोलाच्या तारा व लोखंडी खांब जातात. झाडांखाली उपग्रहांचे संदेश क्षीण होतात, काही खडकावर किंवा धातूवर आपटून उशिरा पोहोचतात, आणि घड्याळाला आपण काही मीटर बाजूला आहोत असे वाटते. त्यातून घड्याळ मनगटावर, जॅकेटच्या बाहीखाली असते. पोल (स्कीइंगच्या काठ्या) टोचताना हात सतत हलतो आणि आकाशाचा काही भाग अंगामुळेच झाकला जातो. स्थानात अशी पाच-दहा मीटरची चूक कोणत्याही जीपीएसमध्ये होऊ शकते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती या चुकीचे आपण जे करता त्याची. सरासरी वेग काढताना पुढे-मागे झालेल्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. कमाल वेगाचे तसे नाही. हजारो नोंदींतून सर्वांत मोठी नोंद उचलायची म्हटले की सर्वांत मोठी चूकच हमखास उचलली जाते. म्हणजे घड्याळाला माहीत असलेल्या सगळ्या आकड्यांमध्ये सर्वांत कमी भरवशाचा आकडा हाच. आणि आपण पडद्यावर तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत, मधोमध, 'शेअर करा' या बटणासह दाखवता.

याहून गंभीर गोष्ट त्याच फाइलमध्ये आहे. स्थानाच्या रकान्याशेजारी वेगाचा स्वतंत्र रकाना आहे, आणि त्या वादग्रस्त सेकंदाला त्यात १२.१ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटर, असा आकडा आहे. जीपीएस चिप दोन स्थानांमधल्या अंतरावरून वेग काढू शकते, तसाच उपग्रहाच्या संदेशाच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरूनही, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, काढू शकते. ही दुसरी पद्धत सहसा बरीच अधिक विश्वासार्ह असते. त्या रकान्यात नेमका कोणत्या पद्धतीचा आकडा आहे ते आपणच सांगू शकाल, पण माझ्या शरीराला शक्य असलेला वेग त्या रकान्यात होता आणि अशक्य असलेला पडद्यावर. घड्याळाजवळ बरोबर उत्तर असताना अ‍ॅपने चुकीचे का दाखवले, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आपले घड्याळ सरसकट वाईट आहे असे मी म्हणत नाही. गुलमर्गच्या मैदानालगतच्या मोकळ्या उतारावर आम्ही फितीने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना पोल रोवले आणि मोबाइलवर चित्रफीत घेतली. एका पोलापासून दुसऱ्यापर्यंत साडेचार सेकंद, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. घड्याळाचा आकडाही त्याच्या अगदी जवळ होता. वेग मोजण्याची खरी रीत हीच आहे, ठरलेले अंतर आणि लागलेला वेळ. फ्रान्समधल्या वार्स इथे सिमोन बिली याने २०२३ साली ताशी २५५.५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला, तोही १०० मीटरच्या मोजलेल्या पट्ट्यातल्या वेळेवरूनच ठरला. आकाश मोकळे असले की आपले यंत्र नीट चालते, झाडांत गेले की चुकते, आणि चुकले हे ते सांगत नाही. हवामान बिघडल्यामुळे एकदा आम्ही गोंडोलातून खाली आलो, तर तो प्रवासही त्याने 'रन' म्हणून नोंदवला.

आता मुलांविषयी. आपल्या अ‍ॅपमध्ये मित्रमंडळींची कमाल वेगाची क्रमवारी आपोआप तयार होते. माझ्या गटातल्या एका मुलाने माझ्या नावापुढे १३१ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा गाठायचा म्हणून एकही वळण न घेता स्की सरळ खाली सोडल्या. गुडघ्याच्या दुखापतीवर निभावले. ते हाड असते, किंवा समोर एखादे लहान मूल असते, तर काय झाले असते हे मी इथे लिहीत नाही. वेग ४० वरून ६० वर गेला की आदळण्याची ऊर्जा सव्वादोनपट होते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या आचारनियमांत दुसरा नियमच हा आहे की स्कीअरने आपला वेग आपले कौशल्य, उतार, बर्फ, हवामान आणि गर्दी यांना जुळवून घ्यावा. आम्ही हे पहिल्या दिवसापासून घोकून घेतो. आपले अ‍ॅप नेमके उलटे शिकवते, आणि तेही खोट्या आकड्याच्या जोरावर.

ग्राहक सेवेने आधी घड्याळ रीसेट करायला सांगितले. मी ते केले. फरक पडला नाही. मग 'वेग केवळ संदर्भासाठी आहे, अटी व शर्ती पाहाव्यात' असे उत्तर आले. संदर्भासाठी असेल तर खोक्यावर 'अचूक' हा शब्द का? भाजीवाल्याच्या तराजूवरसुद्धा वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो. आपण विकताना अचूकता विकली आहे, ती तक्रारीच्या वेळी अटींमध्ये लपवता येणार नाही.

माझी मागणी अशी आहे. घड्याळाची पूर्ण किंमत परत करावी. अ‍ॅपमध्ये अशक्य त्वरण दाखवणाऱ्या नोंदी वगळाव्यात, संदेश क्षीण असेल तिथे 'वेग उपलब्ध नाही' असे स्पष्ट लिहावे, आणि एका सेकंदाऐवजी निदान काही सेकंदांच्या सरासरीवरून कमाल वेग ठरवावा. वेगाची क्रमवारी आधीपासून बंद असावी. ज्याला हवी त्याने ती स्वतः चालू करावी, आणि अल्पवयीनांसाठी तर ती नसावीच. पैसे परत मिळाले तरी या बाकीच्या मागण्या मी सोडणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आपण ४८ तासांत या तक्रारीची पोच द्यायची आहे आणि एका महिन्यात निवारण करायचे आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. जिथे ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्याने दिलेली आहे.

खरेदीची पावती, खोक्याचे छायाचित्र, मूळ फाइल, त्या रनचा पडद्यावरील फोटो, ५० मीटरच्या चाचणीची चित्रफीत आणि ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. दुखापत झालेल्या मुलाचे वैद्यकीय कागद त्याच्या पालकांच्या संमतीने आयोगासमोर देता येतील.

कळावे,

आपली ग्राहक,
नाशिक
(नाव, पत्ता व संपर्क क्रमांक आपल्याकडील खरेदीच्या नोंदीत आहेत)