डिफरन्शियलची ऑईलगळती ‘किरकोळ’ ठरवून टाळल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधून होणारी गळती, चुकीच्या पद्धतीने झालेली दुरुस्ती आणि नाकारलेला वॉरंटी दावा

महोदय,

माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधून (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीतून) गिअर ऑईल गळते आहे. आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने हे काम पुन्हा पुन्हा हातात घेतले, दर वेळी जॉब कार्डवर ‘ओके’ लिहून गाडी परत दिली आणि गळती थांबली नाही. ती का होते याचा शोध मात्र एकदाही घेतला गेला नाही. माझी तक्रार मुख्यतः त्याबद्दल आहे. ऑईल आत अडवणारे रबरी सील जुने होते, झिजते, हे मी समजू शकतो. कारण न पाहता सील बदलणे आणि मग ‘एवढं चालतंच’ म्हणून ग्राहकाला परत पाठवणे मला मान्य नाही.

गाडीखाली काय दिसते ते आधी सांगतो. प्रॉपेलर शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडला जातो, त्या पिनियनच्या (ताकद आत नेणाऱ्या लहान गिअरच्या) तोंडाशी धूळ आणि ऑईल मिसळून काळा चिकट थर साचला आहे. त्याच्या बरोबर वर, बॉडीच्या तळाला, ऑईलचा एक आडवा पट्टा उठला आहे. फिरणाऱ्या फ्लँजने (शाफ्ट जिला जोडतात त्या चकतीने) भिरकावलेले ऑईल असेच एका रेषेत उडते. बोटाला लावून पाहिले तर गिअर ऑईलचा तो गंधकासारखा उग्र वास येतो, त्यामुळे हे इंजिनचे किंवा ब्रेकचे ऑईल असण्याचा प्रश्नच नाही. आता मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूलाही ओघळ दिसू लागला आहे.

पहिल्या भेटीत सुपरवायझरने सांगितले की हा नुसता पाझर आहे, गळती नाही. पाझर आणि गळती यांत फरक असतो, हे खरेच आहे. सीलच्या ओठावर ऑईलचा पातळ थर राहतोच आणि त्यावर धूळ चिकटून ती जागा ओलसर दिसू शकते. तेवढ्यासाठी डिफरन्शियल उघडा असे मी म्हणणार नाही. पण यांतले नेमके काय चालू आहे हे ठरवायची साधी रीत आहे: ती जागा डिग्रीझरने स्वच्छ करायची, कोरडी करायची, गाडी चालवून ऑईल गरम होऊ द्यायचे आणि पुन्हा पाहायचे. नुसती ओल आली तर लक्ष ठेवायचे, थेंब धरला तर दुरुस्ती करायची. इथे फडक्याने पुसून लगेच निकाल दिला गेला. फिलर प्लग उघडून लेव्हलसुद्धा पाहिली नाही.

डिफरन्शियलच्या बाबतीत ‘किरकोळ’ हा शब्द वापरताना जास्त जपायला हवे, असे माझे ठाम मत आहे. इंजिनला डिपस्टिक असते, डॅशबोर्डवर दिवा असतो. डिफरन्शियलला यातले काही नसते. आत ऑईल असते ते जेमतेम दोन-तीन लिटर, आणि क्राउन व्हील, म्हणजे पिनियनने फिरणारे मोठे दातेरी चाक, त्यात बुडून फिरताना जे उडवते त्यावरच पिनियनची बेअरिंग जगतात. लेव्हल उतरली की पुढच्या बेअरिंगला ऑईल आधी कमी पडते. खडी चढण असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचे पिनियन वर उचलले जाते, ऑईल मागे सरते आणि हीच बेअरिंग आणखी कोरडी पडते. ही गाडी तर अशाच चढणींसाठी विकली जाते.

दुसऱ्या वेळी पिनियन सील बदलले. मी समोर उभा होतो. इम्पॅक्ट गनने नट सोडवला, जुने सील काढले, नवे ठोकले आणि त्याच गनने नट घट्ट करून टाकला. सोडवण्यापूर्वी नट, फ्लँज आणि पिनियन यांवर खूण केली नाही. पिनियन हाताने फिरवायला किती जोर लागतो, तो आधीही मोजला नाही आणि नंतरही नाही. या डिफरन्शियलमध्ये क्रश स्लीव्ह, म्हणजे पिनियनच्या बेअरिंगांमधली दबणारी धातूची नळी, आहे. नट आवळताना ती दबते आणि तिच्या दबण्यावर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) ठरतो. नट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला तर तो नुसता सैल करून भागत नाही, कारण दबलेली स्लीव्ह परत उसळत नाही; ती नवीच घालावी लागते. प्रीलोड जास्त झाला तर बेअरिंग तापते. कमी झाला तर पिनियन हलते, दातांचा मेळ बिघडतो आणि नवे सीलही पुन्हा गळू लागते. इतके नाजूक काम अंदाजाने झाले आणि जॉब कार्डवर एकही आकडा नाही. तेव्हापासून अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून बारीक घरघर ऐकू येते. ती आधी नव्हती.

फ्लँजचा जो भाग सीलमध्ये फिरतो, त्यावरून नख फिरवून चर पडली आहे का हेही कोणी पाहिले नाही. चर असेल तर सील कितीही नवे असले तरी टिकणार नाही.

आणि ब्रीदर! अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (आतल्या हवेला ये-जा करू देणारी छोटी झडप) तपासला का, असे मी विचारले तेव्हा तो कुठे आहे हेच आधी शोधावे लागले. सापडला तो वाळलेल्या चिखलाखाली. त्याची टोपी मोकळी हलायला हवी, ती बोटाने दाबूनही हलत नव्हती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे. गाडी चालली की ऑईल आणि आतली हवा तापते, हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर तिला बाहेर पडायला वाट नसते आणि मग ती सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे सीलच्या ओठाखालून, ऑईल बाहेर ढकलते. याच्या उलटे झाले तर आणखी वाईट. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग ऑईल दुधाळ होते, बेअरिंग गंजतात. हे सांगितल्यावर मेकॅनिकने टोपीवरचा चिखल झटकला आणि लिफ्ट खाली घेतली. ब्रीदर काढून साफ केला नाही, बदलला नाही, ऑईलमध्ये पाणी उतरले आहे का तेही पाहिले नाही.

त्यानंतरच्या भेटीत मागच्या कव्हरच्या सांध्यावर बाहेरून सिलिकॉन फासले. कव्हर गळत नव्हतेच. गळत असते तरी हा इलाज नव्हे. कव्हर काढून दोन्ही पृष्ठभाग कोरडे-स्वच्छ करावे लागतात, तेलकट धातूवर वरून लावलेले सिलिकॉन धरत नाही. त्याच दिवशी गाडीची एक बाजू जॅकवर असताना ऑईल ‘टॉप-अप’ केले. लेव्हल सपाट जागेवर, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच घ्यायची असते. तिरप्या गाडीत भरलेले जास्तीचे ऑईल अ‍ॅक्सल ट्यूबमधून चाकाच्या सीलकडे जाते. उजव्या चाकाचा ओघळ या टॉप-अपनंतर सुरू झाला, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो.

या ओघळाला तरी कृपया किरकोळ म्हणू नका. तिथून ऑईल ब्रेकच्या लायनिंगवर जाते. ऑईल शोषलेले लायनिंग क्लीनर मारून पूर्ववत होत नाही. एका चाकाचा ब्रेक कमी लागला तर उतारावर गाडी एका बाजूला ओढते, आणि गाडीत माझ्यासोबत घरची माणसे असतात. सर्व्हिस सेंटरने ड्रम उघडून क्लीनर मारला आणि तेच लायनिंगचे ब्रेक शू परत बसवले.

शेवटी वॉरंटी नाकारताना ‘ऑफ-रोड वापर’ हे कारण दिले गेले. डिफरन्शियलच्या हौसिंगवर (बाहेरच्या कवचावर) दगडाचा मार नाही, पोचा नाही, फ्लँज वाकलेला नाही. फोटो सोबत आहेत. आपणच ही गाडी पाण्यातून आणि चिखलातून जाणारी म्हणून विकता. मग चिखलाने बुजणारा ब्रीदर सर्व्हिसच्या तपासणीत नसणे ही कंपनीची त्रुटी आहे, ग्राहकाचा गैरवापर नव्हे.

माझी मागणी अशी आहे. आपल्या तांत्रिक अधिकाऱ्यासमोर डिफरन्शियल तपासावे. ऑईल काढून त्यात पाणी आहे का आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय आले आहे ते मला दाखवावे. राखाडी बारीक लेप चालेल, धातूचे तुकडे असतील तर पुढचे काम वॉरंटीतच व्हावे. ब्रीदर बदलावा आणि त्याची नळी उंच नेऊन बांधावी. नवी क्रश स्लीव्ह व नवे सील घालून प्रीलोड मोजावा आणि तो आकडा जॉब कार्डवर लिहून द्यावा. फ्लँजवर चर असेल तर तोही बदलावा. उजव्या चाकाचे सील आणि बेअरिंग तपासावे, तसेच दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक शू नवे द्यावेत. घेतलेले मजुरी-साहित्याचे पैसे परत करावेत, आणि या कामावर नव्याने वॉरंटी लेखी द्यावी. शिवाय ब्रीदरची तपासणी प्रत्येक नियमित सर्व्हिसमध्ये करण्याची सूचना आपल्या सर्व केंद्रांना पाठवावी, कारण हाच दोष इतर गाड्यांतही असणार.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तोवर डिफरन्शियल दुसऱ्या कुणाकडून उघडून घेणार नाही, म्हणजे आपल्याला आहे त्या स्थितीत तपासता येईल.

आपला,
वाहनमालक

सोबत: सर्व जॉब कार्डांच्या व पावत्यांच्या प्रती, गाडीखालून काढलेले फोटो, वॉरंटी नाकारल्याचे पत्र