आम्हाला हॉल नको, सपाट जागा हवी

सांगलीकरहो, नमस्कार.

कृष्णाकाठी आमचा सकाळचा योगवर्ग भरतो. फी नाही, हजेरी नाही. येतील ते आणि बसतील तिथे. आज पहिल्यांदाच आम्ही गावापुढे हात पसरतोय, पण इमारतीसाठी नाही. मागे एका दात्यांनी पत्र्याची शेड बांधून देतो म्हटलं होतं. आम्ही हात जोडले. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा काठावरचं काय काय गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय एप्रिलात पत्र्याखाली बसणार कोण? आणि छपराखालीच बसायचं, तर घर काय वाईट आहे?

घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर रोखली की वृक्षासन (एका पायावर तोल सांभाळत उभं राहणं) जमतं. नदीकाठी वारा अंगावर येतो, समोर पाणी हलत असतं, पायाखाली गवत. घोटा आणि पोटरी सारखी सावरत राहतात. साठीनंतर तोल जाऊन पडायचं नसेल, तर हा सराव मोलाचा. झोपेचंही तसंच. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातलं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. ड जीवनसत्त्वाच्या आशेनं मात्र कुणी येऊ नये. कोवळ्या तिरप्या उन्हात ते फारसं मिळत नाही.

मनाचं सांगायचं तर आमच्यातल्या एका निवृत्त एसटी वाहकांचं सांगतो. ते गुडघेदुखीसाठी आले. गुडघा अजून कुरकुरतोच. पण महापुरानंतर पावसाचा आवाज आला की ते रात्री-अपरात्री उठून पाणी बघायला जायचे, ते थांबलं. ज्या नदीच्या नावानं छातीत धस्स व्हायचं, तिच्याकडे तोंड करून रोज श्वास मोजत बसले. योगानं झालं की सोबतीनं, आम्हाला सांगता येणार नाही. त्यांनाही नाही.

आता जागेचं. श्वेताश्वतर उपनिषदात योगाला बसायची जागा कशी असावी ते सांगितलंय: सपाट, स्वच्छ, खडे, विस्तव आणि वाळू नसलेली, पाण्याचा नाद असलेली, वाऱ्यापासून आडोशाची. (हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात बिनखिडकीची मठी सांगितली आहे, हे एक अभ्यासू काका आम्हाला दर आठवड्याला ऐकवतात. स्वतः येतात मात्र नदीवरच.) यातला पाण्याचा नाद आमच्याकडे आहे. बाकी सगळी बोंब.

पावसाळ्यात नदी गाळ टाकून जाते. तो सुकला की ढेकळं आणि भेगा. सूर्यनमस्कारात हात टेकले की तळव्याला खडे रुततात, मनगट मुरगळतं. सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानातलं आटपाडी आज आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात बारा आसनांपुरती सपाट जमीन मिळू नये, हे काही बरं नाही.

म्हणून मागणं असं. दोन डंपर मुरूम, त्यावर पसरायला एक ट्रॉली माती आणि अर्धा दिवस रोलर. आडोशाला पश्चिमेच्या अंगाला करंज आणि जांभळाची दहा रोपं, जाळीसकट. पहिली दोन वर्षं पाणी आम्ही घालू. चाळीस जाड सतरंज्या, आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी हाताच्या नसलेल्या दहा खुर्च्या. जुन्या चालतील, डुगडुगणाऱ्या नकोत. जागामालकांची लेखी परवानगी घेतली आहे. आमची संस्था नोंदणीकृत नाही, म्हणून रोख रक्कम कृपया देऊ नका; वस्तू द्या, किंवा दुकानदाराचे पैसे परस्पर भागवा. बिलं वर्गात वाचून दाखवू.

एक मागणं बिनपैशाचं. हिवाळ्यात सकाळचा धूर वर चढत नाही, जमिनीलगत कोंडतो. आसपासच्या शेतकरी बांधवांनी पाचट आणि रहिवाशांनी कचरा पेटवू नये, ही हात जोडून विनंती. धुराच्या दिवशी आम्ही भस्त्रिका, कपालभाती हे जोरजोरात श्वासाचे प्रकार बंद ठेवतो. मोठा श्वास म्हणजे मोठा धूर. दम्याच्या मंडळींना तर तेव्हा घरीच पाठवावं लागतं, आणि तेच बिचारे सर्वांत आधी येऊन बसलेले असतात.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला श्रमदान आहे. फावडं आणि घमेलं घरचं आणा, चहा आमचा. ज्यांना काही द्यायचंय पण त्या दिवशी जमणार नाही, त्यांनी कुठल्याही सकाळी सात वाजता घाटावर यावं. शवासन चालू असलं तर पाच मिनिटं थांबा.

आपले,
सकाळच्या योगवर्गातील सर्वजण
कृष्णाकाठ, सांगली