स्थूलतेची रेषा आपल्या शरीरमानानुसार असावी: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या. त्याच फेरीत प्रथमच कंबर आणि नितंबांचा घेर मोजला गेला, आणि त्यांच्या गुणोत्तरानुसार ५७ टक्के स्त्रिया धोक्याच्या पातळीत निघाल्या. पहिला आकडा बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २५ या रेषेवर बेतलेला आहे, आणि ती रेषा मुख्यतः युरोप-अमेरिकेतील अभ्यासांवरून ठरलेली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेले आणि कागदावर वजन ‘योग्य’, असे रुग्ण आम्हा डॉक्टरांना रोज भेटतात.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या २३ (वाढता धोका) आणि २७.५ (मोठा धोका) या पातळ्या सुचवल्या. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता आणि कंबरेसाठी पुरुषांना ९०, तर स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली. तेव्हा आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २५ ची रेषा खुशाल ठेवावी, पण सर्वेक्षणाच्या गोषवाऱ्यात २३ चा आकडाही तिच्या शेजारी छापावा, ही माझी विनंती आहे. त्यामुळे रुग्णसंख्या फुगेल असे कोणी म्हणेल. परंतु २३ ते २५ च्या मधल्या लोकांची रक्तशर्करा वेळेवर तपासली जाईल, हा लाभ मला फार मोठा वाटतो.

आशाताई भरतात त्या तपासणी अर्जात कंबरेचा घेर आधीपासूनच आहे, ही समाधानाची बाब. मात्र खोचलेल्या निऱ्यांवरून टेप फिरवला, तर आकडा फुगतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे लागते, आणि त्यासाठी कपडे थोडे सैल करावे लागतात. म्हणून आशाताईंना प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण, न ताणला जाणारा टेप आणि माप घेण्यापुरता आडोसा मिळेल, अशी तरतूद व्हावी.

आपला नम्र,
एक जनरल प्रॅक्टिशनर, सातारा जिल्हा