मुलांवर शैलीचे शिक्के नकोत

महोदय,

प्रत्येक विद्यार्थ्याची ‘शिकण्याची शैली’ ओळखून शिक्षकांनी त्यानुसार शिकवावे, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. लेखिकेची तळमळ पटली, उपाय पटला नाही. पाहून, ऐकून किंवा करून शिकणारी मुले ही विभागणी सोयीची वाटते खरी. पण मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने मूल अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे कोण नाकारतो? पण पद्धत विषयाने ठरते. नकाशा पाहावाच लागतो, कविता कानावर पडावीच लागते आणि अपूर्णांकासाठी भाकरीचे चार तुकडे करावेत, तेही साऱ्या वर्गासमोर.

आपल्या गोव्यात मुलांमधला मोठा फरक भाषेचा आहे. घरी कोंकणी, सरकारी प्राथमिक शाळेत बहुधा मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी. चौथीपर्यंत सर्वांआधी हात वर करणारी मुलगी पाचवीत मान खाली घालून बसलेली मी अनेकदा पाहिली आहे. तिची शैली बदललेली नसते, ‘अपूर्णांक’चे ‘फ्रॅक्शन’ झालेले असते. पाचवीचे पहिले सत्र फळ्यावर इंग्रजी संज्ञेशेजारी तिचा ओळखीचा शब्द लिहायला ना प्रशिक्षण लागते, ना शैली ओळखण्याची प्रश्नावली.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली