संगणकाची मानके लिहायला शिकवणाऱ्या मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्यातील माध्यमिक शाळांसाठी संगणक विषयाची अध्ययन मानके, म्हणजे मुलाला शिकून काय करता आले पाहिजे हे सांगणारी विधाने, लिहिण्याचे काम गेल्या महिन्यात पूर्ण झाले. आठवी ते दहावीला हा विषय शिकवणारे आम्ही अकरा शिक्षक या कामाला बसलो होतो आणि आपण निवृत्त झाल्यावरही जवळजवळ वर्षभर, महिन्यातून दोन शनिवार, पुण्याहून एसटीने येऊन आमच्यासोबत बसलात. आपण मानधन घेतले नाही, मसुद्यावर नावही घालू दिले नाही. म्हणून नाव न घेताच, पण सर्वांसमोर, हे आभार मानत आहोत.

पहिल्या बैठकीला आम्ही ४२ कलमांची यादी घेऊन आलो होतो. फाईल सेव्ह करणे, वर्डमध्ये अक्षरांचा आकार बदलणे, एक्सेलमध्ये बेरीज करणे, असे तिचे स्वरूप होते. आपण त्यातील सॉफ्टवेअरची नावे पेन्सिलीने खोडायला लावलीत आणि नाव गेल्यावर ज्या कलमात काहीच शिल्लक राहत नाही, ते बाजूला काढायला सांगितलेत. नऊ कलमे उरली. त्या दिवशी मी नाराज होऊन घरी गेले, हेही इथे लिहायला हवे, कारण पुढचे सगळे काम त्या नऊ कलमांवर उभे राहिले.

दुसऱ्यांनी हे काम कसे केले, ते आपण आम्हाला शांतपणे वाचायला लावलेत. अमेरिकेतील संगणक शिक्षकांच्या संघटनेची २०१७ ची मानके, इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेला अभ्यासक्रम आणि आयआयटी मुंबईतील प्रा. श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांचा नमुना अभ्यासक्रम, ज्याची तिसरी आवृत्ती २०१३ ची आहे, हे तिन्ही आम्ही आपल्यामुळे पहिल्यांदा पाहिले. इंग्लंडमध्ये ११ ते १४ वयाच्या मुलांनी किमान दोन प्रोग्रामिंग भाषा वापराव्यात, असे म्हटले आहे. ते वाक्य जसेच्या तसे उचलायचा आमचा उत्साह होता. आठवड्याला एक तासिका, दहा यंत्रे आणि वर्गात साठ मुले असताना वर्षभरात एका मुलाच्या वाट्याला यंत्र किती मिनिटे येते, याचा हिशेब आपण आमच्याकडूनच फळ्यावर करून घेतलात. त्यानंतर आम्ही दहावीअखेर एक मजकूररूप, म्हणजे आज्ञा टाइप करून लिहायची, प्रोग्रामिंग भाषा एवढेच ठेवले.

मला सर्वांत अधिक शिकवले ते एका विधानाने. आमच्या मसुद्यात ‘विद्यार्थ्यास अल्गोरिदम (म्हणजे एखादे काम करण्याची पायरीपायरीने मांडलेली रीत) ही संकल्पना समजेल’ असे होते. ‘समजेल’ हे शिक्षकाला वर्गात कुठे दिसणार, असे आपण विचारलेत आणि शाळेचा हजेरीपट मागवलात. ६३ नावांच्या पटात एकेक नाव तपासत गेले, तर शोधायचे नाव सापडायला ६३ पायऱ्या लागू शकतात. पट अकारविल्हे असेल आणि दर वेळी उरलेल्या भागाचे मधले नाव पाहून नको तो अर्धा भाग सोडून दिला, तर सहापेक्षा अधिक लागत नाहीत. आम्ही खुशीत हे करून पाहू लागलो आणि नाव सापडेना, कारण आमच्या पटात आधी मुलगे आणि मग मुली, अशा दोन वेगळ्या याद्या होत्या. आपण काहीच बोलला नाहीत. चूक कुठे आहे ते आम्हाला शोधू दिलेत. आता ते विधान असे आहे: ‘एकाच कामाच्या दोन रीतींची पायऱ्या मोजून तुलना करील आणि त्यातील एखादी रीत कोणत्या अटीवर चालते, ते उदाहरणासह सांगेल.’ यासाठी यंत्र लागत नाही. वीज गेलेल्या दिवशीही हा तास होतो आणि मुलाला जमले की नाही, हे त्याच्या वहीत दिसते.

मी गणितही शिकवते, त्यामुळे माझी एक शंका आपण फार मनावर घेतलीत. नववीतले मूल बीजगणितात समीकरणे सोडवत असते; तेच मूल संगणक कक्षात x = x + 1 पाहते आणि गोंधळते, कारण गणितात असे कधीच खरे असू शकत नाही. मी हे आमच्या शिकवण्यातले न्यून समजत होते. गणितातले समानचिन्ह दोन्ही बाजू समान असल्याचे सांगते आणि प्रोग्राममधले तेच चिन्ह उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाखाली ठेवायला सांगते, हा फरक मुलाने स्वतःच्या शब्दांत मांडणे हेच एक मानक असावे, ही सूचना आपली. ते मराठीत मांडले तरी पूर्ण गुण, हेही आपण आग्रहाने लिहून घेतलेत. मराठी माध्यमाच्या आमच्या मुलांसाठी त्या एका ओळीचे मोल फार मोठे आहे.

पासवर्ड, ओटीपी आणि दुसऱ्याचे छायाचित्र न विचारता पुढे पाठवणे यांवरची विधाने लवकर झाली. तिथे मतभेद नव्हते. दहावीच्या तोंडी परीक्षेबद्दल आपण समासात लिहिलेले तीन प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत. ते आम्ही पुसलेले नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन तुकड्यांत ती परीक्षा घेऊन पाहू आणि मुलांची उत्तरे आपल्याकडे पाठवू.

आपली कृतज्ञ,
गणित व संगणक विषयाची एक माध्यमिक शिक्षिका, सोबतच्या दहा सहकाऱ्यांसह